साडूच्या गढीचा वेढा

सासरच्या तमाम मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दैत्यांचं राज्य बुडालं आहे, त्यांचा राजा गढीच्या दारात पडला आहे, आणि त्याला पाडणारा इसम शहाद्याच्या बसस्टँडजवळ ठिबकच्या नळ्या विकतो. सुतक कोणी पाळू नये. ज्यांना आनंद व्यक्त करायचा असेल त्यांनी तो दुकानाच्या वेळेत, चहाच्या ऑर्डरीसह व्यक्त करावा.

ही घोषणा मी माझ्या सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. टाकताना माझ्या तोंडात जी गोडी आली ती उसाच्या रसालाही यायची नाही. तो राजा म्हणजे माझे साडू होते.

गोष्ट भरतापासून सुरू होते. तापीकाठी माझ्या सासऱ्यांचं शेत आहे. थंडी पडली, हिरवी मोठी वांगी उतरली की तिथे भरताची पार्टी होते. पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची, बडगीत टाकायची आणि लाकडी मुसळीने ठेचायची. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं. जावयाने एरवी सासरी पाण्याचा तांब्याही उचलायचा नसतो, पण या एका दिवसापुरता सासरच्यांनी एक नियम करून ठेवलाय. वर्षभरात ज्या जावयाची फजिती झाली असेल त्याने भरीत ठेचायचं. आणि जो जावई जिंकला असेल त्याला सासूबाईंच्या डोळ्यांदेखत भरताचं पहिलं ताट मिळायचं. जावई आम्ही दोनच. तेव्हा एकाचे दंड भरून येतात, दुसरा खाटेवर पाय हलवत बसतो.

साडू माझ्याहून थोडे मोठे, नंदुरबारला कॉलेजात गणित शिकवतात. त्यांच्या मुलाने पुण्याला जाताना घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ ठेवून दिला होता. राजे, जादूगार, राक्षस, मेलेल्यांच्या फौजा असलेलं एक अख्खं जग. प्रत्येकाने दिवसाला एक चाल पाठवायची, मग खेळ दोघांच्या चाली एकत्र करून दाखवतो की कोण कुठे कापलं गेलं. साडूंनी मला त्यात ओढलं. दोन पन्नाशीचे गृहस्थ आपापल्या गावी बसून एकमेकांच्या गायी पळवू लागले.

पहिल्या खेळात आमचा तह होता. डोंगराकडची वाट मी सांभाळायची, नदीकडची त्यांनी. मी शब्दाचा माणूस. सगळी फौज डोंगरात नेऊन बसलो. साडूंनी त्या रात्री फोनवर माझ्या शेतातल्या कांद्याची चौकशी केली, पाठ दुखते का विचारलं, आणि सकाळी त्यांची मेलेल्यांची फौज माझ्या राजधानीत. मेलेल्यांना ना पगार लागतो ना भाकरी, त्यामुळे ती वाटेत कुठे थांबलीच नव्हती.

हेही मी गिळलं असतं. पण त्या वर्षीच्या भरताला साडू बांधावर उभे राहिले, हातात उलथनं घेतलं आणि सगळी लढाई सांगितली. माझा सेनापती डोंगरातून खाली बघतो आणि त्याला आपल्याच घरातून धूर दिसतो, हे त्यांनी करून दाखवलं. माझ्यासारखी मान वाकडी करून. सासूबाई पदराने डोळे पुसत हसल्या. माझी बायकोसुद्धा हसली, मला दिसू नये म्हणून वांग्यांकडे तोंड करून. मी ठेचत होतो. त्यानंतर वर्षभर मेहुणा फोन उचलला की आधी विचारायचा, "काय राजे, गढी सापडनी का?"

तेव्हाच मी ठरवलं की पुढचं पहिलं ताट माझं. आणि लढाई कशी झाली तेही मीच सांगणार, भरताच्या दिवसापर्यंत न थांबता, रोजच्या रोज, सगळ्या सासरच्या डोळ्यांसमोर.

नवा खेळ सुरू झाला. साडूंनी या वेळी दैत्य घेतले. अंगाने थोर, एकेकाच्या हातात झाड. मी डोंगरातले जादूगार घेतले, अंगाने किरकोळ, पण डोक्यात किडे असलेले. आणि मी ग्रुपवर पहिला वृत्तांत टाकला. त्यात किती स्वार, किती भालाईत, कोणती जादू कोणत्या पातळीची, हे सगळं चोख होतं. त्यावर एक अंगठा आला. मामेसासऱ्यांनी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवलं. दुसऱ्या वृत्तांतावर गुलाबही आला नाही.

बायकोला विचारलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, कोण कोणाला मारतंय ते कळतं, पण का मारतंय ते कळत नाही, आणि तुमच्या त्या जादूगारांना घरदार आहे की नाही? एवढं बोलून ती पुन्हा तुरीकडे वळली. मी दुकानात जाऊन विचार करत बसलो. एक गिऱ्हाईक फिल्टर मागत होतं, त्याला मी वॉशर दिलं.

तिसऱ्या दिवसापासून मी लिहायला शिकलो. जादूचा साठा म्हणजे काय हे सांगायच्या ऐवजी मी लिहिलं की पाटाला पाणी एकच आणि पाळी दोघांची. लगेच सगळ्यांना कळलं, कारण त्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलत नाहीत. माझ्या म्हाताऱ्या मुख्य जादूगाराला मी गुडघेदुखी दिली. आणि दैत्यांच्या राजाला साडू दिले. पोटावर हात ठेवून बोलायची सवय, एक भुवई वर, आणि कोणतंही कपट करण्याआधी म्हणायचं, "गणित साधं शे." नाव कुठेच घेतलं नाही. गरजच नव्हती. पहिल्याच ओळीला मेहुण्याने हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लावली, आणि मला कळलं की बाण लागला.

मग मी वेढा घातला. दैत्यांशी मैदानात लढणं म्हणजे नळीने ट्रॅक्टर अडवणं. पण दैत्य खातात. मेलेल्यांची फौज सोडून साडूंनी खाणाऱ्यांची फौज घेतली, हीच त्यांची चूक, आणि ती मी सोडणार नव्हतो. मी त्यांच्या गढीला हात लावला नाही. आजूबाजूची शेतं जाळली, धान्याच्या गाड्या अडवल्या, नदीवर धुकं बसवलं. रोज चाल टाकायची, दुकान उघडायचं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून गढीतल्या चुलींची हालहवाल लिहायची. असं सुख मला लग्नातही नव्हतं.

भूक खरी वाटावी म्हणून मी ती आपल्या घरातली घातली. दैत्यांच्या कोठारात कळणा, म्हणजे भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ, संपला, असं लिहिलं. मग तेल संपलं. मग राजाने सुकी भाकर पाण्यात बुडवून खाल्ली आणि शेजारच्या पहारेकऱ्याला सांगितलं की कांद्याची पात असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी भाकरही नव्हती. त्या रात्री राजाला स्वप्नात भाजलेल्या वांग्याचा वास आला, तो उठून तटावर गेला, आणि खाली माझ्या छावणीत खरोखरच वांगी भाजत होती. हे वाक्य लिहून मी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

ग्रुप भरून वाहू लागला. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी मेहुण्याची बायको त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि शेजारच्या दोघीतिघी ऐकायला येऊन बसायच्या. संध्याकाळी सासूबाईंचा आवाजी निरोप यायचा. त्यात जादूगारांची चौकशी कधी नसे. फक्त एवढंच असे, "आज राजानी काय खादं?"

मी हा निरोप पुन्हा पुन्हा ऐकत असे. म्हातारीलाही सूड आवडतो, असं मी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, तो आवाज पुन्हा एकदा ऐका. मी सासूबाईंना उत्तर पाठवलं की आज काहीच नाही, कालचं पाणी. आणि दुसऱ्या दिवशी भूक आणखी गडद केली. राजाने मिशीला लागलेला भाकरीचा कण शोधून खाल्ला, हे त्यांच्यासाठी खास लिहिलं होतं.

साडू ग्रुपवर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना नदीतून निसटायला एक वाट होती, ती मला दिसत होती, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. ते निघाले नाहीत. एकदा फक्त खेळातून निरोप आला, "तू लिख, मी लढस." मला वाटलं, अहंकार. बरं झालं, म्हटलं, अहंकारासकट मरू दे.

शेवटच्या चालीला गढीत राजा आणि मूठभर दैत्य उरले होते. साडूंनी दार उघडलं आणि राजाला सगळ्यांच्या पुढे बाहेर काढलं. खेळाच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. माझ्या जादूगारांनी त्याला दारातच पाडलं. मी लिहिलं की तो पडला तेव्हा त्याच्या एका हातात झाड होतं आणि दुसऱ्या हातात रिकामं ताट. ताट माझ्या पदरचं, खेळात ताट नसतं. त्याखाली ती सुरुवातीची घोषणा टाकली. ग्रुपवर एकामागून एक नुसते जोडलेले हात आले. विजयाचा दरारा असा असतो, मी बायकोला सांगितलं.

भरताच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. शेतात पोचलो तेव्हा साडू बाह्या सरसावून बडगीशी बसलेले होते. त्यांना बघून माझं वर्षभराचं दुखणं एका दमात गेलं. मी खाटेवर बसलो, पाय हलवले, आणि मुसळीचा आवाज डोळे मिटून ऐकला.

डोळे उघडले तेव्हा खाटेजवळ कोणी नव्हतं. सगळे बडगीभोवती होते. मेहुणा साडूंना विचारत होता की दार उघडताना काय वाटलं. शेजारच्या बाया उभ्या होत्या, त्यातली एक म्हणत होती की राजा दिसायला असाच वाटला होता. साडू एक भुवई वर करून ठेचत होते, मध्येच मुसळी झाडासारखी उचलत होते, आणि सांगत होते की नदीची वाट माहीत होती, पण पाव्हना इतकं झाक लिखी ऱ्हायना म्हटल्यावर पळून कसं जायचं. मी खोकलो. कोणी वळलं नाही. माझ्या म्हाताऱ्या जादूगाराच्या गुडघ्याबद्दल कोणालाही काही विचारायचं नव्हतं.

ठीक आहे, मी म्हटलं. गर्दी त्यांची, ताट माझं. नियम म्हणजे नियम.

भरीत झालं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे पडले, वर पातीचा कांदा. मेहुण्याच्या बायकोने पहिलं ताट वाढलं. कळण्याची भाकर, भरताचा ढीग, कडेला मुळा. ताट घेऊन ती सरळ माझ्याकडे निघाली. मी हात धुऊन तयार होतो. मांडी घातली. ताट माझ्यापासून हातभर अंतरावर आलं होतं, त्याची वाफ माझ्या चष्म्यावर बसली होती, तेवढ्यात चुलीशी बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही.

"वं, ते ताट पहिले राजाले दे. बिचारा उपाशी मरी गया."