वाळूत ऐकलेला इन्शाल्ला

अल्लावर माझा विश्वास होता, पण त्याच्याकडे काही मागायला कमीपणा वाटायचा. आपलं आपल्याला जमतं, त्याला कशाला त्रास, असा तोरा. नात व्हायची होती तेव्हाची गोष्ट. लिहिताना अजून कान गरम होतात.

दुबईजवळ अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एसीखाली गोधडी ओढून, मी उत्तर ध्रुवाजवळ दोघंच राहणाऱ्या जोडप्याचे व्हिडिओ बघायचे. बर्फ वितळवून पाणी प्यायचं, मासे सुकवायचे, कुणापुढे हात पसरायचा नाही. वाटलं, रत्नागिरीची बाई काय कमी आहे? बर्फ नाही तर नाही, फुजैराकडचे डोंगर तर आहेत. थंडीत ह्यांना घेऊन तिथल्या निर्जन, कोरड्या नदीच्या पात्रात राहायला निघाले. सोबत तंबू, तांदळाचं पीठ, सुकट. ह्यांना मधुमेह, त्यांनी पिशवीत लपवलेली बिस्किटं मी पकडली आणि घरीच ठेवली. वर विचारलं, "ध्रुवावर बेकरी असते का?"

परत येताना गाडी वाळूत रुतली. फोनला रेंज नाही. ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरत होती आणि माझ्याकडे गोड म्हणून कणभर नव्हतं. तेवढ्यात पिकअपमधून बकऱ्या नेणारा एक म्हातारा अरब थांबला. मी खुणांनी सांगितलं. त्याने ह्यांच्या कपाळाला हात लावला, "इन्शाल्ला" म्हणाला आणि निघून गेला.

"खलास," मी म्हटलं. "इथल्या ऑफिसात इन्शाल्ला म्हणजे काम होत नाही." आणि त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलले. हे पुटपुटले, "अगं, अल्लाचं नाव घेऊन गेलाय तो."

माझ्या आईच्या तोंडी तो शब्द दिवसभर असायचा, अल्लाची मर्जी असली तर होईल, अशा भरवशाने. तिच्याकडून नाही, मी तो टाळाटाळ करणाऱ्या कारकुनांकडून शिकले होते. वाळूवरच कपाळ टेकलं. एकही दुआ धड आठवेना. नुसतं "दे, दे" म्हणत राहिले.

डोकं वर केलं तर धूळ उडवत तोच पिकअप येत होता. बकऱ्या घरी उतरवून म्हातारा दोर, पाणी आणि खजुराचा डबा घेऊन आला होता. गाडीकडे न बघता आधी त्याने ह्यांच्या तोंडात खजूर भरवला. मग एक माझ्या हातावर ठेवला. माझी मान काही वर होईना.

हे अजून चोरून बिस्किटं खातात, मी बघून न बघितल्यासारखं करते. आणि नात विचारते, "दादी, विल यू कम टु माय स्कूल शो?"

"इन्शाल्ला."

"दादी, येस ऑर नो?"

"येसच गं. निघायचं मी, पोचवायचं त्याने."