प्रश्न उद्भवत नाही

माझा मित्र आमदार आहे हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. लोकच मला सांगतात. दवाखान्यात शेळी घेऊन आलेला माणूस शेळीला काय होतंय हे सांगायच्या आधी विचारतो, "आमदार साहेब तुमच्याच वर्गातले न्हवं?" मी हो म्हणतो आणि थर्मामीटर जरुरीपेक्षा जास्त वेळ झटकत राहतो.

तो विधान परिषदेवर आहे. म्हणजे माझ्या भाषेत, मागच्या दारानं गेलेला. हे मी बायकोपुढं इतक्या वेळा बोललोय की ती आता भाजी निवडताना मानही वर करत नाही.

आम्ही दोघं येडशीच्या पलीकडच्या माळावरचे. घरं समोरासमोर, शाळेत एकच बाक. बारावीला तो दोनदा आपटला आणि मी परभणीला जनावरांचा डॉक्टर व्हायला गेलो. पदवी घेऊन गावात आलो तेव्हा मारुतीच्या पारावर माझा सत्कार झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहिली शेळी घेऊन दारात उभा होता तो हाच. पुढं सुट्टीला गावी गेलो की तो शेळी धरायचा आणि मी टोचायचो. जगाची ती मांडणी मला त्या काळी अगदी योग्य वाटायची.

मग तो सरपंच झाला, जिल्हा परिषदेत गेला आणि तिथून थेट मुंबईला. बाकीचे आमदार रस्ते मागतात, तो सभागृहात उठला की बोलणार शेळ्यांच्या लसीवर, कडब्यावर, कोंबड्यांच्या मरीवर, दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्यांवर. सुरुवातीला जिल्ह्यात त्याला चेष्टेनं 'जनावरांचा आमदार' म्हणत. चेष्टा कधी संपली आणि लोक तेच नाव आदरानं कधी घ्यायला लागले, ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आता गंमत अशी की त्याला जनावरांतलं जे कळतं ते माझ्याकडून. सकाळी मी दाढी करत असलो की त्याचा फोन यायचा. "डॉक्टर, फऱ्या अन् घटसर्प, दोन्हीत फरक काय? सोप्यात सांग, मला मंत्र्याला सांगायचंय." मी एका गालाला साबण तसाच ठेवून सांगायचो. का सांगायचो? कारण विचारलेलं मला आवडायचं. एरवी मला कोण विचारतं? वरच्या कार्यालयातून येतात त्या सूचना, खालून येतात त्या तक्रारी.

एकदा वैतागून मी त्याला म्हणालो, "शेळी मेली की पंचनाम्याला जायला मला वेळ असतो, शेळी जगवायला जायला नसतो." आठ दिवसांनी हे वाक्य त्यानं सभागृहात टाकलं. बाकं वाजली. पेपरात चौकटीत आलं. आमच्या परिचरानं तो पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आमदारांनी अगदी तुमच्या मनातलं वळखलं बघा." मनातलं नाही, तोंडातलं. पण हे कुणाला सांगणार? संध्याकाळी त्याचाच फोन आला, "तुझं वाक्य लई चाललं रे." त्यानं ते लपवलं असतं तर मला निदान नीट रागावता तरी आलं असतं.

खरं पोटदुखीचं कारण मात्र आई. आई गावातच राहते, सहा शेळ्यांसोबत. आमच्या जिल्ह्याच्याच जातीच्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. माझ्या क्वार्टरवर ती चार दिवसांच्या वर टिकत नाही. मोबाइलमधलं तिला दोनच गोष्टींचं ज्ञान आहे, फोन उचलणं आणि अधिवेशन लावणं. अधिवेशन सुरू असलं की ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि शेंगा फोडत त्याची वाट बघते. मुलगा वर्ग एकचा अधिकारी आहे, त्याचं कौतुक नाही.

"त्यो बोलतो तवा शेळीचं दुखणं मुंबईला कळतं," ती एकदा म्हणाली. "तू येतोस, टोचतोस अन् जातोस."

"टोचल्यानं शेळी जगते, आई. बोलल्यानं नाही."

"पर तू टोचायला येतोस कवा?"

माझ्याकडं तीन दवाखान्यांचा कार्यभार आहे. एक माझा, दोन अतिरिक्त, कारण तिथली डॉक्टरांची पदं रिकामी. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी टोचावी लागते. पाऊस पडला की माळावर कोवळं गवत येतं, शेळ्या अधाशासारख्या खातात, आणि लस नसेल तर काही तासांत जनावर आडवं होतं. त्यातही कळपातलं सगळ्यात धडधाकट आधी जातं. गेल्या वर्षी लस मे महिन्यातच तालुक्याला आली होती. टोचणारा मी एकटा. आपल्या गावाला आधी गेलो तर लोक नावं ठेवतील म्हणून मी माझं गाव सगळ्यात शेवटी ठेवलं आणि या निःपक्षपातीपणाचं मनातल्या मनात कौतुकही केलं. गावात पोहोचलो तेव्हा माळ हिरवा झालेला होता. आईनं शेळ्या एकेक करून पुढं केल्या. मी टोचल्या आणि पुढच्या वस्तीवर गेलो. मोजल्या नाहीत.

दिवाळीनंतर तो माझ्या दवाखान्यात आला. गाडी लांब उभी करून, एकटाच. बाहेरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, काकूंची दोन करडं गेली की पावसात. तू बोलला न्हाईस."

मला माहीत नव्हतं. माझ्या आईची करडं मेली हे मला आमदारानं सांगावं? आणि आईनं ते त्याला सांगावं? मी म्हणालो, "माहीत आहे," आणि उगाच सिरिंजचा डबा उघडून बघितला.

त्यानं विचारलं, उशीर का झाला. मग माझा बांध फुटला. तीन दवाखाने, एक माणूस, फ्रीजमध्ये पडून असलेली लस, सगळं ओकलो. तो खिशातल्या डायरीत लिहीत होता. वर तारीखही घातली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला दुसरा डॉक्टर मिळवून देतो. तारांकित प्रश्नच टाकतो."

मिळवून देतो. शब्द साधेच होते, पण ते मला नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसे झोंबले. खांद्यावरचा हात तो गेल्यावरही मला बराच वेळ जाणवत होता.

सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मंत्री देतात, असं लोकांना वाटतं. मंत्री ते वाचतात. प्रश्न मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, असा पायऱ्या उतरत ज्याच्याबद्दल असतो त्याच्याच टेबलावर येतो. हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर एका सकाळी माझ्या संगणकावर 'अतितात्काळ' म्हणून तो आला. पाठोपाठ जिल्ह्याच्या साहेबांचा फोन.

"चारच्या आत पाहिजे. आणि जे असेल तेच लिहा, झाकापाक करू नका. पद भरलं गेलं तर तुमचंच भलं आहे."

हे मुद्दाम लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता.

प्रश्नाचे तीन भाग होते. आमच्या भागात शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी मिळाली नाही, हे खरे आहे काय. असल्यास, एकाच डॉक्टरकडे तीन दवाखाने असल्याने असे घडले, हे खरे आहे काय. असल्यास, तिथे दुसरा डॉक्टर नेमण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली.

पहिल्या भागापुढं मी लिहिलं, 'हे खरे आहे.' आणि थांबलो. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. तो उठणार. बाकं वाजणार. पेपरात चौकट. पिठाच्या डब्याला टेकलेला फोन आणि त्यापुढं आईचा चेहरा. नवा डॉक्टर येणार, आणि जन्मभर शेळी घेऊन येणारा प्रत्येक माणूस मला ऐकवणार, आमदार साहेबांनी तुमचं ओझं हलकं केलं. वीस वर्षं उन्हातान्हात फिरलो मी, आणि आरती त्याची.

मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'हे खरे नाही. लस विहित वेळेत प्राप्त झाली होती.'

यातला एकही शब्द कुणाला पकडता आला नसता. लस मे महिन्यात आलीच होती. विचारलं होतं शेळ्यांना मिळाली का, आणि मी सांगितलं तालुक्याला मिळाली. पहिल्या भागाला 'नाही' म्हटलं की बाकीच्या भागांचं उत्तर सरकारी रीतीनं ठरलेलं असतं. दुसऱ्या भागापुढं लिहिलं, 'प्रश्न उद्भवत नाही.' तिसऱ्यापुढंही तेच. तीन शब्दांत दुसरा डॉक्टर गेला. चारला वीस कमी असताना मी उत्तर पाठवलं आणि चहा मागवला. चहा बरा लागला, हेही लिहून ठेवतो.

प्रश्न लागला त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गावी गेलो. आईला म्हणालो, तुझ्यासोबत अधिवेशन बघायला आलो. ती खूश झाली. मला बघायचा होता त्याचा चेहरा.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. माझं वाक्य चार कार्यालयं चढून काना-मात्रा न बदलता तिथं पोहोचलं होतं. त्या सभागृहात माझं वाक्य दुसऱ्यांदा बोललं जात होतं, आणि या वेळी त्याच्या तोंडून नव्हतं. मला बरं वाटलं. मग तो उपप्रश्नासाठी उभा राहिला आणि माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. एक गोष्ट तेव्हा कुठं माझ्या लक्षात आली. त्याच्याकडं डायरी होती. माझं बोलणं, माझा दवाखाना, तारीख. त्याच डॉक्टरनं मला सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तरी माझी चौकशी लागली असती.

तो हातातल्या कागदाकडं बघत राहिला. नेहमी मोठ्यानं बोलतो, त्या दिवशी आवाज नेहमीचा नव्हता.

"सभापती महोदय, तिथला डॉक्टर मला ठाऊक आहे. तो खोटं लिहिणारा माणूस नाही. माझ्याच माहितीत चूक असेल. मला उपप्रश्न विचारायचा नाही."

आणि तो बसला. पुढचा प्रश्न कुठल्यातरी धरणाचा होता.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ती म्हणाली, "मंग आपली दोन करडं कशानं मेली?"

"लस वेळेत आली होती, आई. कागदावर ते बरोबरच आहे."

"आली व्हती. मंग व्हती कुठं?"

"फ्रीजमध्ये."

तिनं फोन बंद केला, ओटीतली टरफलं झटकली आणि शेळ्यांना पाला टाकायला उठली. मी निघालो तेव्हा नेहमीसारखी दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर सकाळचा फोन थांबला. भांडण नाही, निरोप नाही, काहीच नाही. पहिले काही दिवस मी म्हणालो, बरं झालं, दाढी तरी निवांत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी फोन आरशाच्या फळीवर, हाताशी येईल असा ठेवतोय. लग्नकार्यात एकदा दिसला, हसला, "बरंय ना डॉक्टर?" म्हणाला आणि गर्दीत पुढं गेला. मला सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं. खरं तर मी सांगितलं नसतंच.

मार्चच्या अधिवेशनात तो कोंबड्यांच्या रोगावर बोलला. चांगलं बोलला. त्यात एक वाक्य असं नेमकं होतं की ते पुस्तकातलं नव्हतं आणि त्याचंही नव्हतं. कुठल्यातरी दवाखान्यातल्या, दिवसभर फिरून दमलेल्या माणसाचं होतं. म्हणजे आता तो दुसऱ्या कुणाला तरी सकाळी फोन करतो. पूर्वी मी आमदारावर जळायचो. आता मी त्या डॉक्टरवर जळतो, ज्याचं गावही मला माहीत नाही.

या मे महिन्यात लस आली तशी मी सगळ्यात आधी माझ्या गावी गेलो. लोकांनी नावं ठेवली असतील तर ठेवोत. आई एकेक शेळी कान धरून पुढं करत होती. शेळी धरायला दुसरं कुणी नव्हतं. दोन शेळ्या टोचून झाल्यावर मी विचारलंच.

"त्याचा फोन येतो का गं तुला?"

"येतो की. आठवड्याला."

माझ्या हातातली सुई थांबली. "काय म्हणतो?"

"काय म्हनायचंय. विचारतो, डॉक्टर अजून एकटाच फिरतो का."

"मग तू काय सांगतीस?"

"व्हय म्हन्ते," आई म्हणाली आणि तिसरी शेळी पुढं ओढली.