आधी चूक, मग कॉफी

यमुनाक्का कुणाच्याही घरी गेल्या की पुढे आलेलं पेय हुंगल्याशिवाय पीत नसत. म्हैसूरला कुवेंपुनगरात आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा सासूबाईंची कॉफी त्यांनी हुंगली, मग ओट्याखाली वाकून एक बाटली बाहेर काढली. "अय्यो अम्मा, सरबताच्या बाटलीत रॉकेल? जावयाला मारायचं असलं तर मला आधी सांगा की, सुट्टी काढून ठेवते!" सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टर यमुना मोहिते. पणजोबा जुन्या म्हैसूर संस्थानच्या घोडदळात होते. अक्कांची चालही तशीच. आमच्या विषचिकित्सक मंडळाच्या छापील इतिहासात मात्र त्यांचं नाव एका ओळीत उरकलेलं आहे. तो इतिहास मी लिहिला.

विषबाधेच्या रोग्याचे नातेवाईक रडत कहाणी सांगू लागले की अक्का म्हणत, "कहाणी मग. बाटली आणा." मंडी मोहल्ल्यातल्या एका गृहस्थाने घाबरून घरातल्या यच्चयावत बाटल्या पोत्यात भरून आणल्या. अक्कांनी हवी ती उचलली आणि लोणच्याची बरणी बाजूला ठेवली. "हीपण तपासावी लागेल." ती आम्ही दुपारच्या जेवणात तपासली.

मंडळ सुरू झालं ते त्यांच्या सरस्वतीपुरमच्या व्हरांड्यात. विषबाधेपुढे कुठल्याही गावचा डॉक्टर एकटा पडू नये, एकाला कळलं ते सगळ्यांना कळावं, एवढाच हेतू. नियमही एकच: प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची, मग कॉफी. "शहाणपण पेपरात छापा. इथं चूक बोल रे रघू, सुम्मने गप्प बसू नको. कॉफी निवते!"

मी दर वेळी एखादी किरकोळ चूक रचून नेई. खरी फक्त अक्कांना ठाऊक होती. रॉकेल प्यालेल्या एका लहान मुलीला मी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं होतं. तसं करायचं नसतं. रॉकेल फुप्फुसात उतरतं. पोर निळी पडली. अक्का धावत आल्या, आणि पोरीने इडली मागेपर्यंत खाटेपासून हलल्या नाहीत. मला ओरडल्याही नाहीत. "तुला विचारायला कोणी नव्हतं ना? मग विचारायची जागा करूया."

त्या वाक्यातून मंडळ निघालं. पुढे स्मरणिकेतल्या त्या इतिहासात मी लिहिलं, 'मंडळाची कल्पना प्रथम मला सुचली.' अक्कांनी ते चष्मा लावून वाचलं आणि हसल्या. "आयतु बिडू, झालं, जाऊ दे, छापलंस ते छापलंस. पण रघू, तू आजवर माझी कॉफी फुकट प्यालास हं."

अक्का गेल्या. संस्थापकाचे हार मी घेत राहिलो.

यंदाच्या वार्षिक सभेत नेहमीप्रमाणे कॉफी आधीच फिरू लागली होती. जुना नियम कुणाला आठवतही नव्हता. चिटणीस म्हणाले, "सर, संस्थापक म्हणून दोन शब्द."

"आधी कॉफी थांबवा," मी म्हणालो. मग ते मिठाचं पाणी, ती मुलगी, स्मरणिकेतलं ते वाक्य, सगळं सांगितलं. कल्पना कुणाची होती, तेही.

मी मंचावरून उतरायला लागलो तेवढ्यात मागच्या रांगेतली एक डॉक्टर उभी राहिली. "सर, माझीपण एक आहे. सांगू?" तिच्यानंतर आणखी एक जण उठला, मग चिटणीसच.

कॉफी हातात आली तेव्हा पार निवली होती. मी ती हुंगली आणि प्यालो.