वडावरून दिसलेली शर्यत

उंब्रजचा आमचा न्हावी दाढी करताना "मान वळवा" यापलीकडं बोलायचा नाही. पण साताऱ्याहून सांगलीला सायकलींची शर्यत निघाली, की त्या दिवशी तो हमरस्त्यावरच्या वडावर चढायचा आणि लांबवर दिसेल ते खालच्या गर्दीला मोठ्यानं सांगायचा. एका साली त्याचा थोरला मुलगाच निळा सदरा घालून सगळ्यांच्या पुढं होता.

"निळा पडला," वरून आवाज आला.

कुणीतरी म्हणालं, "आवं, उतरा की खाली. पोराकडं जावा."

"उठंल त्यो," तो त्याच आवाजात म्हणाला. "हिरवा म्होरं आलाय. लय दमाचा गडी हाय. वाट सोडा त्याला."

हिरवा सदरा आमच्यासमोरून सुसाट गेला. आम्ही सगळे वर बघत होतो.