आधी मास्क, मग फिल्टर

आमच्या मोरीच्या कट्ट्यावर कायम एक-दोन फिल्टर वाळत पडलेले असायचे आणि त्यांना चुकून धक्का लागला तरी आमचे हे खवळायचे. मी तापाने फणफणले तर दुपारपर्यंत ह्यांच्या लक्षात यायचं नाही, पण फिल्टरला ओल राहिली का, ते उठल्याउठल्या बघणार.

ह्यांचा धंदा पडलेल्या झाडांच्या फळ्या पाडून द्यायचा. कन्नड, लासूर स्टेशन, कुठूनही फोन आला की मुकुंदवाडीहून चेनसॉ, म्हणजे इंजिनवरची करवत, घेऊन निघायचं, ती लोखंडी चौकटीत बसवायची आणि शेतातच खोड उभं चिरायचं. आडवं तोडताना जाड चुरा पडतो. उभं चिरताना मात्र भुसा पिठासारखा उडतो, इंजिनात शिरतो. तो अडवायला फिल्टर.

फिल्टर निवडायला हे मुलगी पसंत करायला निघाल्यासारखे जायचे. दुकानदाराने जाळीचा पुढे केला की “ह्यातून पीठ निसटतं” म्हणून परत करायचे. लोकरीसारखा दाट मागायचे, उजेडाकडे धरायचे, कडेचं रबर बोटाने दाबून बघायचे. मला बघायला आले तेव्हा इतकं निरखलं नव्हतं!

धुवायचं काम माझं, हुकूम ह्यांचे. पाणी कोमटच घे, साबण थेंबभरच टाक, धार आतल्या बाजूने सोड, उन्हात ठेवू नको. एकदा मी घाईत पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणला आणि तो फाटला, तर घरात अबोला.

आणि हाच माणूस इतकी वर्षं तेच पीठ उघड्या नाकाने ओढत होता. खोकून खोकून बेजार झाल्यावर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं आणि स्पष्ट सांगितलं, छातीत भुसा जातोय, मास्क नसेल तर हे काम सोडा. मी चांगला रबरी मास्क आणला, दोन्ही गालांवर डब्या असलेला. तो खुंटीला लटकला. “गुदमरतं गं,” म्हणे.

एका रविवारी मी ह्यांच्यासोबत कन्नडला गेले. मास्क माझ्या पिशवीत होता. बांधावरचं जुनं कडुलिंबाचं झाड आडवं झालं होतं. धुतलेल्या फिल्टरांचा डबा मांडीवर घेऊन मी सावलीला बसले. पहिली फळी निघेपर्यंत मशीनचा आवाज जड झाला. ह्यांनी मशीन थांबवलं, कचरा आत पडू नये म्हणून चोक बंद केला, ब्रशने झाकणाभोवतीचा भुसा अलगद झाडला, मगच झाकण उघडून चोंदलेला फिल्टर बाहेर काढला. स्वतःच्या भुवया भुशाने पांढऱ्या, नाक भरलेलं. खोडाला धरून कितीतरी वेळ खोकले आणि माझ्याकडे हात पसरला.

“दे गं दुसरा.”

माझं डोकं सणकलं. पिशवीतून मास्क काढून पुढे धरला. “नाय देत. आधी मास्क लावा.”

“लोकांसमोर तमाशा करू नको. दे.”

“मग बसवा तो चोंदलेलाच. नायतर चालवा बिनफिल्टरचं.”

“येडी झाली का? इंजिन बसंल ना!”

“बसू द्या! इंजिन दुसरं मिळतं. तुमची छाती कुठल्या दुकानात मिळती, ते सांगा. मी उजेडात धरून, निवडून आणते.”

रागाने मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. बाजूला उभे राहून बघणारे शेताचे मालक हसत म्हणाले, “वहिनी लई कडक हायेत बुवा.” मी त्यांनाही सुनावलं, “हसताय काय? तुम्हीबी उपरणं बांधा तोंडाला!” त्यांनी मुकाट्याने बांधलं.

हे हातातल्या चोंदलेल्या फिल्टरकडे बघत राहिले. तो परत बसवायला ह्यांचा हात धजेना. शेवटी माझ्या हातातून मास्क हिसकावून घेतला, लावला, मी फिल्टर दिला. दुसरी फळी निघाली. ती उचलून ह्यांनी मास्क गळ्यात ओढला आणि फळी नाकाशी नेली.

“ह्याच्यात लाकडाचा वासच येत नाय गं,” हे एवढंसं तोंड करून म्हणाले. “वासासाठीच तर ह्या धंद्यात पडलो मी.”

इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तेवढ्यात ह्यांना परत उबळ आली, फळी हातातून सुटली, आणि छातीतली ती शिट्टी मला लांबूनसुद्धा ऐकू आली.

मी फिल्टरांच्या डब्याचं झाकण दाबून बंद केलं. “मास्क वर घ्या,” म्हटलं. “मगच उघडते.”