दाखल्यावरचं नाव

माझी बायको माघात गेली. पुढच्या पावसाळ्यात तिला कॉलेजात नाव घालायचं होतं. खरं तर ते आदल्याच वर्षी व्हायचं, ते राहिलं, आणि राहिलं ते माझ्यामुळे. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. त्यांना म्हणायला काय जातंय.

आमचं घर बिरवाडीच्या अंगाला. पुढची खोली आम्ही कंपनीतल्या माणसांना भाड्याने देतो. तिथे एक मुलगी राहायला आली. ड्युटीवरून आली की मुक्त विद्यापीठाची पुस्तकं उघडून बसायची. बायको तिला कालवण द्यायला म्हणून जायची ती तासभर परत यायचीच नाही. तिथेच उंबऱ्यावर बसून वाचायची. सातवी पास होती ती. मी चौथी, तीही रडतखडत. घरात वाचायचं काम तिचं. एसटीची पाटी, लाइटचं बिल, खताच्या गोणीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं. मी फक्त सही करायचो.

एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मला बी.ए. करायचंय."

मी म्हटलं, "या वयात? कलेक्टर व्हायचंय काय गो?"

"कलेक्टर साठीत रिटायर होतो. मी अजून झाली नाय."

महाडला एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं केंद्र होतं. आम्ही दोघं गेलो. लाइनीत आमच्या पुढे एक फिटर होता, दहावी नापास, त्याची बढती अडलेली. त्याच्या पुढे मिलिटरीतून आलेला एक, लाइनीत पण सावधानमध्येच उभा. एक बाई नवऱ्याच्या जागेवर नोकरीला लागलेली. खिडकीतली मुलगी एकेकाला सांगत होती. बारावी पास असेल त्याने गुणपत्रिका आणि दाखला आणायचा, त्याला थेट प्रवेश. मिलिटरीवाल्याने तिथलं सर्टिफिकेट दाखवायचं. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांनी आधी पूर्वतयारीची एक परीक्षा द्यायची, ती पास झालं की बी.ए.ला बसायचं. त्यांना फक्त वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लागतो, अठरा पूर्ण पाहिजेत.

बायको म्हणाली, "अठरा पूर्ण हायेत. वर थोडी जास्तच हायेत."

मिलिटरीवाला पण हसला.

मग ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला माहेरी गेली. शाळा अजून तिथेच आहे, पत्रे नवे. मास्तरांनी जुनं रजिस्टर शोधून दाखला दिला. तो तिने पदरात धरून आणला, भिजू नये म्हणून. मी हसलो होतो. आठवलं की आता हसू येत नाही.

दाखला बघून खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, दाखल्यावर एक नाव आहे आणि आधारवर दुसरंच. आडनाव बदलतं ते चालतं. पण इथे पहिलं नावच वेगळं आहे."

"लग्नात बदललं."

"कोणी बदललं?"

बायकोने माझ्याकडे बोट केलं.

आमच्याकडे तशी रीत आहे. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्याने त्यात बोटाने तिचं नवं नाव लिहायचं. आत्याने माझ्या कानात नाव सांगितलं, मी लिहिलं. तांदूळ आमच्याच खाचरातला. सगळ्यांनी वाकून बघितलं, साखर वाटली, आणि मग ताट हलवून कोणीतरी तो तांदूळ शिजवायला नेला. ती तेव्हा पंधराची. तिला कोणी विचारलं नाही, हे नाव आवडलं का. मी पण नाही.

लग्नाची नोंद कुठे केलेली नव्हती. त्या काळी कोण करायचं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मग आजोबांनी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की लग्नाआधीची ही आणि लग्नानंतरची ही बाई एकच आहे. फॉर्म आणि दाखला इथे ठेवून जा. शेवटच्या तारखेच्या आत तो कागद आणा, की झालं."

तारखेला तीन आठवडे होते. मी म्हटलं, लावणी आटपू दे. लावणी कधी आटपते? रोप तयार, पाऊस चांगला, माणसं मिळत नाहीत. ती रोज विचारायची, मी रोज उद्या म्हणायचो. शेवटच्या दिवशी मी निघालो. ती खाचरात बायकांबरोबर वाकलेली होती. तिथूनच म्हणाली, "फळीवर दाखल्याची झेरॉक्स हाय, ती घेऊन जावा."

मी म्हटलं, "कशाला? माझ्या बायकोचं नाव मला ठाऊक नाय काय?"

बायका हसल्या. मला बरं वाटलं.

तहसीलच्या बाहेर टायपिंगवाला बसतो. त्याने विचारलं, "लग्नाआधीचं नाव?" मी फाडकन सांगितलं. त्याने टाइप केलं, शिक्का झाला, सही झाली. मी तो कागद घेऊन कॉलेजात गेलो. चार वाजून गेले होते. मुलीने कागद वाचला, दाखला वाचला, परत कागद वाचला.

"आजोबा, हे नाव कोणाचं?"

"माझ्या बायकोचं. माहेरचं."

"दाखल्यावर हे नाही."

मी आवाज चढवला. माझ्या बायकोचं नाव मला जास्त माहीत की तुला, असलं काहीतरी बडबडलो. तिने दाखला माझ्यासमोर धरला आणि नावावर बोट ठेवलं. मी एक एक अक्षर लावत वाचलं. ते नाव मी कधी ऐकलेलंच नव्हतं. सासूच्या तोंडी जे ऐकलं होतं, तेच मी धरून चाललो होतो.

मुलगी म्हणाली, "आज शेवटची तारीख होती. मी तरी काय करणार? पुढच्या वर्षी या."

घरी आलो तर ती अजून खाचरातच होती, एकटी, उरलेली ओळ लावत. मी बांधावर उभा राहून सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

"ते आई लाडाने म्हणायची. शाळेत दुसरं होतं." मग तिने हातातली रोपं सारखी केली. "पन्नास वर्षं झाली. एकदा तरी विचारायचंत."

आणि परत वाकली.

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खरी गोष्ट अशी की मी ठेवलेल्या नावानेसुद्धा मी तिला हाक मारलेली नाही. आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी 'अगो' म्हणायचो, ती 'ऐकलात काय' म्हणायची. म्हणजे तिचं एक नाव मी पुसलं, दुसरं ठेवलं, आणि ते वापरलं पण नाही. आणि त्याच नावाने तिची वाट अडवली.

दसऱ्यानंतर मी परत टायपिंगवाल्याकडे गेलो. झेरॉक्स समोर ठेवली. एकेक अक्षर त्याला बोट लावून दाखवलं, टाइप झाल्यावर परत ताडून बघितलं. तो वैतागला, म्हणाला, "काका, मी पण शिकलोय."

मी म्हटलं, "मी नाय शिकलो, म्हणून बघतोय."

घरी आणून तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"पास झालात," म्हणाली. आणि कागद पेटीत ठेवला.

त्यानंतर तीन महिने. भाडेकरू मुलीची जुनी पुस्तकं तिने मागून घेतली होती, ती दुपारची वाचायची. माघात ताप आला. साधा ताप म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. मग महाडला नेलं, मग छातीत पाणी झालं म्हणाले, मग काही म्हणाले नाहीत.

ग्रामपंचायतीत नोंद करताना आधार मागितलं. मी म्हटलं, तिचं दुसरं पण नाव लिहा. ग्रामसेवक म्हणाला, आधारवर असेल तेच. कागदावर मी ठेवलेल्या नावाची बाई वारली.

यंदा प्रवेश सुरू झाल्याचं भाडेकरू मुलीकडून कळलं. मी पेटीतून कागद काढला आणि महाडला गेलो. लाइनीत उभा राहिलो. तीच मुलगी खिडकीत होती. तिने ओळखलं.

"आजोबा, या वर्षी लवकर आलात. आजी कुठे?"

"गेली."

मागचा माणूस पुढे सरकत होता, त्याला तिने हाताने थांबवलं.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"हा कागद बरोबर हाय का, तेवढं बघा."

फॉर्म आणि दाखला कपाटात पडून होते. तिने काढले आणि कागदाशी लावून बघितले. वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

"बरोबर आहे."

"मिळाला असता प्रवेश?"

"मिळाला असता."

मी म्हटलं, "नाव एकदा मोठ्यानं वाचा."

तिने वाचलं. माहेरचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वर्गात हजेरी घेताना वाचतात तसं. लाइनीतल्या लोकांनी मागे वळून बघितलं, कोण आहे ती म्हणून.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि लाइनीतून बाजूला झालो.