सोडलेल्या सम्राज्ञीचं घर

पॅरिसजवळचं एका फ्रेंच सम्राज्ञीचं घर पाहायला मी धाकट्या बहिणीबरोबर गेले होते. मूल होत नाही म्हणून सम्राटाने तिला सोडलं, पण घर तिचंच राहिलं. पुढची वर्षं तिने इथे गुलाब वाढवण्यात घालवली. सम्राट नंतरही यायचा, बागेत तिच्याशी बोलत बसायचा.

“बिचारी गं!” बहीण हळहळली.

माझा मात्र नुसता जळफळाट झाला. मलाही नवऱ्याने याच कारणावरून सोडलं होतं, आणि मी लावलेली जाईसुद्धा त्याच्याच अंगणात राहिली होती.

“बिचारी कसली? तिच्याकडे तो निदान परत यायचा,” मी ताडकन म्हणाले.

बहीण माझ्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहत होते, हे तिला तेव्हाच कळलं आणि खरं तर मलाही.